स्पोर्ट्स फिजिओ व्हायचंय, पण हातच लावायला मिळत नाही. नाशिकमध्ये प्रॅक्टिकल शिकायचं कुठे?

फिजिओ_इंटर्न

नमस्कार सगळ्यांना. इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांब होईल पण प्लीज पूर्ण वाचा.

माझी बीपीटीएचची (फिजिओथेरपीची पदवी) ४ वर्षं संपली, आता ६ महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे आणि त्यातले ३ महिने गेलेसुद्धा. पहिल्या वर्षापासून डोक्यात एकच आहे, स्पोर्ट्समध्ये जायचं. पण खरं सांगू का, आत्तापर्यंत मी ज्या पेशंटना हात लावलाय त्यातल्या बहुतेक गुडघेदुखीच्या आज्या आणि फ्रोजन शोल्डरचे काका. त्यांच्याकडूनही खूप शिकले, त्याबद्दल तक्रार नाही. पण खेळाडू ओपीडीत आला की सर तपासतात, आम्ही पाच जणी मागे उभ्या राहून बघतो, मग सर म्हणतात आयएफटी (दुखणं कमी करायचं विजेचं मशीन) लाव पंधरा मिनिटं, आणि मी मशीन लावते. टेपिंग, म्हणजे सांध्याला आधार द्यायला चिकटपट्टी लावणं, एका दुपारी शिकवलं, सहा जणींत एक रोल. लॉगबुकमध्ये मात्र सगळ्यावर सह्या आहेत.

आता गेल्या रविवारचं सांगते, त्याच्यामुळेच लिहायला बसले. एका गावात कबड्डीची स्पर्धा होती, ओळखीच्या दादांनी विचारलं फिजिओ म्हणून येशील का, मी आनंदाने गेले. एकटीच. दुसऱ्याच मॅचला एका पोराची चढाई चालू होती, कोपऱ्यातल्याने त्याचा घोटा धरला आणि हा जोर लावून मध्यरेषेकडे जायला गेला तर पाय आतल्या बाजूला वळला. त्याला उचलून बाहेर आणलं. सगळे माझ्याकडे बघतायत. मी खाली बसले आणि माझे हात गार पडले. घोटा मला पाठ आहे हो, कुठलं लिगामेंट कुठून कुठे जातं झोपेत पण सांगेन, पण बोटांखाली नुसती घामेजलेली कातडी आणि वाढत चाललेली सूज, मला काही म्हणजे काही कळेना. मी दाबतेय, दाबतेय, आणि तो पोरगा, सोळा-सतरा वर्षांचा असेल, हळूच म्हणाला, "मॅडम तिथं नाय, खाली." मी खाली दाबलं तसा तो कळवळला. मग मी स्प्रे मारला, क्रेप बँडेज बांधलं. दहा मिनिटांनी त्यांचा मॅनेजर येऊन विचारतो, खेळवू का? मला उत्तर देता आलं नाही. तो परत खेळला. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

माझे प्रश्न असे की नाशिकमध्ये इंटर्नला खेळाडूंसोबत प्रत्यक्ष काम शिकायला कुठे मिळेल? सर्टिफिकेट कोर्स करू की सरळ मैदानावर जाऊ? आणि मैदानावर गेले तर कोणाला विचारून जाऊ, असं कोणी उभं तरी करतं का?

टेपची_पट्टी

अगं, आधी एक काम कर, बाकीचं नंतर वाच. त्या मुलाला शोध. आजच. तो "खाली" म्हणाला ना, ती जागा आठव. पायाच्या बाहेरच्या कडेने करंगळीकडून टाचेकडे बोट फिरवत आलीस की साधारण मध्यावर एक उंचवटा लागतो, तो पाचव्या मेटाटार्सलचा, म्हणजे करंगळीच्या मागच्या लांब हाडाचा बुंधा. पाय आत वळला की तिथे ओढ बसून हाडाचा तुकडा निघू शकतो आणि वरून ते सगळं साध्या मुरगळण्यासारखंच दिसतं. तो कळवळला ती जागा हीच असेल तर एक्सरे काढायलाच हवा. ज्या दादांनी तुला बोलावलं त्यांच्याकडे संघाचा नंबर असणारच, फोन कर आणि मग परत इथे ये.

केलास? बरं. आता निवांत बोलू.

मी नाशिकमध्येच बारा वर्षं मैदानावर काम करतेय आणि तुझ्यासारखे गार पडलेले हात मी माझ्याकडच्या जवळजवळ प्रत्येक स्टुडंटचे बघितलेत. ज्ञान कमी नसतं त्यांचं. बोटांनी नॉर्मल घोटे पुरेसे चाचपलेले नसतात, त्यामुळे बिघडलेला हाताखाली आला की तुलना कशाशी करायची तेच कळत नाही. ओटावा रूल्स, म्हणजे घोट्याचा एक्सरे लागेल का ते ठरवायचे नियम, तू परीक्षेत लिहिले असशील, १९९२ ला कॅनडात आले ते. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही हाडांची मागची कड खालून ६ सेंटिमीटरपर्यंत आणि टोक, पावलाच्या आतल्या बाजूला नेव्हिक्युलर हाड, बाहेर पाचव्या मेटाटार्सलचा बुंधा, आणि चार पावलं टाकता येतात का. पण ६ सेंटिमीटर म्हणजे तुझी किती बोटं हे मोजलंयस का कधी? माझ्या तीन बोटांपेक्षा थोडं जास्त. मैदानात पट्टी कोण काढणार. आज घरी गेल्यावर भावाचा, आईचा, होस्टेलच्या मैत्रिणींचा पाय घे, पेनाने या चार जागांवर खुणा कर, मग डोळे मिटून परत शोध आणि उघडून बघ बोट खुणेवर पडलंय का. रोज पाच पाय. महिन्यात दीडशे होतात. मी स्टुडंटला पहिला महिना दुसरं काही देतच नाही, त्यांना कंटाळा येतो पण मी ऐकत नाही.

गुडघ्याचं पण तसंच. लॅकमन टेस्ट, गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलंय का बघायची, पुस्तकात सोपी वाटते, गुडघा २०-३० अंश वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. आता कबड्डीच्या कोपरारक्षकाची मांडी तुझ्या एका हातात मावते का सांग. नाही मावत. माझ्याही नाही मावत. मग आपला गुडघा त्याच्या मांडीखाली सरकवायचा, वरून हाताने मांडी दाबून ठेवायची, मग ती सैल पडते. आणि कायम चांगला पाय आधी. चांगल्या पायात दोरी ताणल्यावर लागतो तसा टक्कन थांबा लागतो, तुटलेल्यात गाळात पाय गेल्यासारखं नुसतं पुढे जात राहतं. हा फरक मी तुला लिहून सांगू शकत नाही, तुझ्या हाताला कधीतरी तो लागला पाहिजे आणि त्या वेळी शेजारी कोणीतरी "हा बघ, हाच" म्हणणारं पाहिजे.

अजून एक, मार लागल्यावर पहिल्या काही मिनिटांत, सूज आणि स्नायूंची जखडण यायच्या आधी गुडघा जेवढं सांगतो तेवढं नंतर कितीतरी दिवस सांगत नाही. म्हणून तर मैदानावर असायचं. घोट्याचं वेगळं आहे, तिथे फ्रॅक्चर नाही एवढं बघून लिगामेंटची तपासणी चार-पाच दिवसांनी परत केली तर जास्त खरी येते, त्या दिवशी सगळंच दुखतं. म्हणजे रविवारी तुला लिगामेंट कळलं नाही त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. हाड बघायचं राहिलं आणि चार पावलं चालवून बघायचं राहिलं, ते मात्र राहिलं. पुढच्या वेळी राहणार नाही.

स्प्रेबद्दल पण बोलते कारण हा प्रकार मला फार खटकतो. त्या स्प्रेने कातडी गार होऊन थोडा वेळ दुखणं दबतं, आत काहीही बरं होत नाही. तपासणीच्या आधी स्प्रे मारला तर तू स्वतःच पुरावा पुसतेस. आधी हात, मग ठरव.

टेपिंगला ३८ मिलिमीटरचा रिजिड (न ताणणारा) टेप घे आणि एका जोडीदारासोबत रोज दोन घोटे कर. पहिल्या पन्नासांत सुरकुत्या पडतील, टाचेला खिडकी (उघडी जागा) राहील, होऊ दे. झालं की पायाचं नख दाबून सोड, दोन सेकंदात गुलाबी झालं पाहिजे, नाही झालं तर काप आणि परत कर. मग घड्याळ लाव. मॅचच्या आधी सातही जण पाय पुढे करून रांगेत बसतात आणि पंच शिट्टी घेऊन उभा असतो, तिथे एका घोट्याला दहा मिनिटं कोण देणार तुला.

कोर्स जरूर कर, पण त्याच्या आधी किंवा त्याच्यासोबत मैदान. सकाळी भोसला मिलिटरी स्कूलच्या ग्राउंडवर किंवा पंचवटीत मीनाताई ठाकरे स्टेडियमला जा, पळणारी पोरं-पोरी भरपूर दिसतील. पहिले आठ दिवस फक्त बघ, कोण कसं पळतं, वॉर्मअप कोण चुकवतं, कोण पळून झाल्यावर लंगडतं आणि कोचसमोर सरळ चालतं. मग कोचशी बोल. आणि एकटीने कुठलीही स्पर्धा घेऊ नकोस सध्या. रविवारी माझ्यासोबत येऊ शकतेस, मेसेज कर.

मॅटवाला

मी कोच आहे, कबड्डी आणि आधी खो-खो, तीसेक वर्षं झाली. मॅडमनी वर सगळं बरोबर लिहिलंय, माझ्याकडून मैदानाच्या बाजूचं सांगतो.

बेटा, आमच्याकडे फिजिओ स्टुडंट येतात ते स्पर्धेच्या दिवशी येतात, टी-शर्ट घालून टेबल मांडतात, फोटो निघतात आणि संध्याकाळी जातात. पोरांना त्यांचं नाव पण कळत नाही. मग ज्याला दुखतंय तो त्यांच्याकडे जाणारच नाही, कारण त्याला वाटतं ही मला बसवणार. तू तीन महिने रोज संध्याकाळी प्रॅक्टिसला ये, एक तास, बास. पोरांची नावं पाठ कर. कोणाचा कुठला गुडघा जुना आहे, कोण उजव्या पायाने बोनस घेतो, कोण दिवसभर पिकअप भरून संध्याकाळी मॅटवर येतो, कोण घरून न जेवता येतो. खो-खोत खुंटावर वळताना कोणाचा घोटा लचकतो, सूर मारल्यावर कोणाची कोपरं सोलतात. हे माहिती असलं की तुला लांबूनच कळेल की आज हा वेगळा चालतोय. माझी बायको म्हणते तसं, घरातलं माणूस आजारी पडलं की पावलांच्या आवाजावरून कळतं.

दुसरी गोष्ट, मला "आराम करा" एवढंच सांगू नका. आराम म्हणजे माझा खेळाडू पंधरा दिवस घरी बसणार आणि सोळाव्या दिवशी पहिल्याच चढाईला परत पाय जाणार. मला सांगा काय करू शकतो. पळायचं नाही पण वरच्या अंगाचा व्यायाम चालेल का, एका पायावर तोल चालेल का, मॅटवर कधी, पकड कधी, पूर्ण मॅच कधी. असं पायरी पायरीने लिहून दिलं ना की कुठलाही कोच ऐकतो. आमच्यातले काही ऐकत नाहीत हेही खरं आहे, मान्य. तुझ्या त्या पोराला ज्यांनी परत खेळवलं त्यांनी चूक केली आणि ती चूक तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस. खेळायचं की नाही हे कोण ठरवणार ते मॅच सुरू व्हायच्या आधी बोलून घ्यायचं असतं, मॅचच्या मध्ये मॅनेजर ओरडत असताना नाही.

पंचांनी हाक मारल्याशिवाय मॅटवर पळत जायचं नाही हे पण लक्षात ठेव, आणि जाताना बूट साफ पाहिजेत. मॅटवर माती आली की पुढच्याचा पाय घसरतो.

रात्रपाळी

कॅज्युअल्टीत काम करतो. स्पर्धेतून आलेले पेशंट आम्ही रविवारी रात्री बघतो त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कोच साहेबांचा मुद्दा चांगला आहे, पण रोज संध्याकाळी इंटर्नने एकटीने जायचं याला माझा विरोध आहे. शिकणारं माणूस आणि फुकट मिळालेलं मेडिकल कव्हर यात फरक आहे, आणि आपल्याकडे आयोजक तो फरक करत नाहीत. "फिजिओ आहे ना आमच्याकडे" म्हणून ॲम्ब्युलन्स सांगत नाहीत. ती मुलगी तिथे बावीस-तेवीस वर्षांची, एकटी, तिच्या बॅगेत क्रेप बँडेज आणि स्प्रे. घोटाच मुरगळला म्हणून ठीक. मान असती तर?

ताई, तुम्ही घोटे चाचपायला शिका, पण त्याच्या आधी तीन गोष्टी हाताला पक्क्या करा. एक म्हणजे सीपीआर. छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) घाम निघेपर्यंत. २०२१ च्या युरो कपमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात कोसळला तो वाचला कारण तिथेच, गवतावर, लगेच सीपीआर झालं आणि शॉकचं मशीन हाताशी होतं. दुसरं डोकं. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळला, अडखळला, तोच प्रश्न परत परत विचारायला लागला तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला, नुसती शंका असली तरी संपला, तो कितीही म्हणू दे मी ठीक आहे. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, मानेत दुखणं, यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल. तिसरं मान. मानेचा संशय असेल तर चार जण उत्साहाने उचलायला येतातच, त्यांना थांबवायचं आणि डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बसायचं. हे थांबवणं सगळ्यात अवघड आहे, त्याची पण प्रॅक्टिस लागते, मोठ्या आवाजात "कोणी हलवू नका" म्हणायची प्रॅक्टिस.

आणि कुठल्याही मैदानात गेल्यावर पहिली पाच मिनिटं हे बघा की ॲम्ब्युलन्स आत कुठून येणार, त्या गेटला कुलूप आहे का, चावी कोणाकडे आहे, १०८ ला फोन कोण लावणार आणि पत्ता काय सांगणार. मागे एकदा एका पोराला गेटपर्यंत झोळी करून आणला होता कारण चावीवाला जेवायला गेला होता. तो पोरगा आता बरा आहे, पण ती झोळी मी विसरलो नाही.

मॅटवाला

डॉक्टर साहेब, एकटीने म्हणालो नव्हतो पण लिहिताना तसं आलं खरं. सीनियर सोबत पाहिजेच. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक फिजिओ सर येतात, त्यांच्या दिवशी ये बेटा. चावीचं तुमचं वाचून उद्याच आमच्या गेटचं बघतो.

दूरदेशी_नाशिककर

मी नाशिकच्या सिडकोची, सध्या अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स करतेय. बीपीटीएच तिकडेच केलं होतं. आधी एक सांगते कारण घरी पण सगळ्यांना वाटतं मी जिम ट्रेनर होतेय. इथे ॲथलेटिक ट्रेनर हा वेगळा आरोग्य व्यवसाय आहे, त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० पासून आहे, १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मान्यता दिली. आता मास्टर्स लागतं आणि मग बोर्डाची परीक्षा. शाळा-कॉलेजच्या टीमसोबत रोज हाच माणूस असतो. आपल्याकडे हे काम स्पोर्ट्स फिजिओच करतात त्यामुळे तुलना शंभर टक्के होणार नाही.

पण शिकवायची पद्धत सांगण्यासारखी आहे. प्रत्येक स्टुडंटला प्रिसेप्टर असतो, म्हणजे त्याच मैदानावर काम करणारा, आपल्यावर लक्ष ठेवणारा सीनियर. पहिल्या सेमिस्टरला मी पाण्याच्या बाटल्या भरल्या, टेप केले, आणि तो तपासताना बघितलं. मग मी तपासायचे आणि तो मागून परत तपासायचा, आणि तपासायच्या आधी मला विचारायचा, तुला काय वाटतं, आणि का. मी चुकले तरी खेळाडूसमोर बोलायचा नाही, नंतर गाडीत बोलायचा. आता दुसऱ्या वर्षी तो वीस फुटांवर उभा असतो आणि मी काम करते. किमान चार आठवडे तर पूर्णवेळ तिथेच राहावं लागतं, लेक्चर वगैरे मध्ये न आणता, सकाळच्या टेपिंगपासून रात्री बर्फ गोळा करेपर्यंत. मला सगळ्यात जास्त तिथेच आलं.

अजून एक, सरावाच्या रंगीत तालमी. उष्माघाताची तालीम आम्ही खरा बर्फ टाकून करतो. धावताना कोसळलेला खेळाडू गोंधळलेला आहे आणि आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आहे तर आधी गार करायचं, मग हॉस्पिटलला न्यायचं. बर्फाच्या पाण्यात बुडवून, पाणी ढवळत, अर्ध्या तासाच्या आत ३९ च्या आसपास आणायचं. कपाळाचं किंवा काखेतलं थर्मामीटर अशा वेळी खोटं सांगतं, गुदमार्गातूनच मोजावं लागतं, आणि ते पडदा धरून, सन्मानाने कसं करायचं हे पण शिकवतात. टब नसेल तर ताडपत्री. चार-सहा जणांनी ताडपत्रीच्या कडा धरायच्या, मध्ये खेळाडू, वरून पाणी आणि बर्फ ओतायचा आणि हलवत राहायचं. ही पद्धत शिकले तेव्हा मला पटकन मामाच्या शेतातली कांदा झाकायची ताडपत्री आठवली. नाशिक जिल्ह्यात ताडपत्री नाही असं गाव नसेल! एप्रिलमधल्या दुपारच्या स्पर्धांना एक ताडपत्री, दोन ड्रम पाणी आणि बर्फाच्या लाद्या एवढं ठेवायला कोणालाही जमेल. तू आणि तुझ्या पाच मैत्रिणी एकदा करून बघा, एकीने झोपायचं, बाकीच्यांनी धरायचं. पहिल्यांदा सगळं पाणी एका बाजूने निघून जातं, तेव्हाच कळतं कडा किती वर धरायच्या.

पायवाट

मी पळते. ५ आणि १० हजार मीटर. गाव पेठकडचं, नाशिकला रूम करून राहते. आमच्याकडे कविता राऊत ताईंमुळे पळणं घराघरात गेलं, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला त्यांनी १० हजारमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा मी लहान होते, पण मोठी माणसं अजून सांगतात.

दोन वर्षांपूर्वी माझी नडगी दुखायला लागली. शिन पेन म्हणाले, स्प्रे मारला, बर्फ लावला, तेल लावलं, कोणी मशीन लावलं. चार महिने. मग एका सरांसोबत एक स्टुडंट ताई आल्या, तुमच्यासारख्याच इंटर्न असतील. त्यांनी आधी विचारलं, पाय बघू का, हात लावला तर चालेल का. मला आधी असं कोणी विचारलं नव्हतं. मग एका बोटाने नडगीच्या आतल्या कडेवर वरून खाली हळूहळू दाबत आल्या, गुडघ्यापासून, एक एक सेंटिमीटर. लांब पट्टा दुखतोय का एकच ठिपका, एवढंच बघत होत्या. एका ठिकाणी, एका बोटाएवढ्या जागेत, माझ्या डोळ्यात पाणी आलं. मग त्यांनी बाजूला नेऊन पाळी येते का विचारलं. सात महिने आली नव्हती. मला वाटायचं जास्त पळते म्हणून नाही येत, चांगलंच आहे. काय खाते ते विचारलं. सकाळी चहा-बिस्किट, १६ किलोमीटर, मग दुपारी जेवण. त्यांनी सरांना सगळं सांगितलं, एमआरआय झाला, स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. पळणाऱ्या शरीराला अन्न कमी पडलं की हाडं पण कमजोर होतात आणि पाळी पण थांबते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ताई, तुम्ही मैदानावर नक्की या. आमच्या मुली पुरुष सरांना या गोष्टी सांगत नाहीत. तुम्ही विचारलं तर सांगतील, पण पहिल्या दिवशी नाही. आणि टेप लावताना, पाय वर घेताना काय करताय ते बोलत राहा, आणि खोलीत दुसरी मुलगी असू द्या. एवढं केलं की भीती जाते.

फिजिओ_इंटर्न

उशिरा लिहितेय, सॉरी, मध्ये बारा-तेरा दिवस गेले.

पहिलं, तो मुलगा सापडला. टेपची_पट्टी ताई, तुम्ही सांगितलं त्याच दिवशी फोन केला, तो तसाच लंगडत कॉलेजला जात होता. त्याच्या वडिलांशी बोलले, दुसऱ्या दिवशी एक्सरे झाला. पाचव्या मेटाटार्सलच्या बुंध्याला क्रॅक आहे. ऑर्थो सरांनी बूट दिलाय, ऑपरेशन लागणार नाही म्हणाले. मी भेटायला गेले तर तो म्हणाला मॅडम तुम्ही कशाला आल्या एवढ्या लांब. मला काय बोलावं सुचलं नाही. मी त्याला विचारून त्याचा दुसरा, चांगला पाय चाचपला, डोळे मिटून. उंचवटा पहिल्याच वेळी सापडला.

आत्तापर्यंत ५८ पाय झाले, वहीत लिहितेय. होस्टेलच्या मेसवाल्या मावशींचे पण घेतले, त्यांच्या टाचा बघून वेगळंच काम लागलं, पण ते नंतर कधी. रविवारी ताईंसोबत गेले होते, पूर्ण दिवसात मी फक्त अकरा घोटे टेप केले आणि दोन जणांना तपासलं, ताई मागे उभ्या होत्या. एकदा मी स्प्रेकडे हात नेला आणि त्यांनी नुसतं "अं हं" केलं. संध्याकाळी रात्रपाळी सरांचं वाचलेलं आठवून गेट बघायला गेले, तर तिथे पण कुलूप होतं आणि चावी कोणाकडे आहे ते तिघांना विचारल्यावर कळलं.

पायवाट ताई, तुमचं मी तीनदा वाचलं. पहिला मेसेज तुम्हालाच करणार होते पण धीर झाला नाही, आता करते.

एक प्रश्न राहिलाय. ताडपत्रीची तालीम करायचीय, आम्ही सात जणी तयार आहोत, मॅटवाला सरांनी त्यांच्या ग्राउंडची परवानगी दिलीये आणि तिथले फिजिओ सर पण थांबणार आहेत. साधारण किती मोठी ताडपत्री घ्यावी? आणि बर्फ किती?

दूरदेशी_नाशिककर

माणूस आडवा झोपून दोन्ही बाजूंनी कडा कमरेपर्यंत वर घेता येतील एवढी, आठ बाय दहा फुटांची पुरते. आधी नुसत्या पाण्याने करा, बर्फ नंतर, नाहीतर झोपणारी मैत्रीण परत येणार नाही. डोकं कायम वर धरायला एक जण वेगळी ठेवा, तिने दुसरं काहीच करायचं नाही.

मॅटवाला

ताडपत्री विकत घेऊ नका, माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी ७ ला या, पोरांना पण थांबवतो, कडा धरायला हात लागतील. गेटची दुसरी चावी करून ऑफिसबाहेर खिळ्याला लावलीये.